सहाशे यार्ड आणि तीन हजार डॉलर : पहिल्या लांब पल्ल्याच्या रायफलीचे प्रकरण

टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणारे हे गृहस्थ मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, वय ४३, व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता. महाविद्यालयात असताना एनसीसीत त्यांनी .२२ रायफलीने चांदमारी केली होती, एका शिबिरात चांगल्या ग्रुपिंगबद्दल, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागल्याबद्दल, शाबासकीही मिळवली होती, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षे बंदुकीला हात लावला नव्हता. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा गावाकडच्या फोनांनी या गृहस्थांचा दिवस भरून गेला आणि जुनी हौस पुन्हा वर आली. त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारले, "एका मैलावर नेम धरायचा असेल, तर पहिली रायफल कोणती घ्यावी?" खर्चाची मर्यादा त्यांनी स्वतःच सांगितली : पहिल्या वर्षाच्या काडतुसांसह सगळे मिळून तीन हजार डॉलर.

मी विक्रेता नाही. दहा वर्षे या खेळात असलेला, त्यांच्यापेक्षा थोडा वडील असा परिचित इतकेच. पुढील टिपण त्यांच्या परवानगीने, त्यांच्या पावत्या आणि चांदमारीची नोंदवही समोर ठेवून लिहिले आहे.

रायफलीआधी दोन गोष्टी मार्गी लावाव्या लागल्या. पहिली कायद्याची. अमेरिकेत एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक विकत घेण्यास किंवा बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे काही अपवाद त्याला आहेत, परंतु अपवादाच्या आधारावर पहिली खरेदी करावी, असे मी कोणालाही सांगणार नाही. या गृहस्थांना दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळाले असल्याने हा प्रश्न उरला नव्हता. दुसरी गोष्ट घरातली. मुलगी नऊ वर्षांची. वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच अट घातली : आधी कुलपाचे पोलादी कपाट भिंतीला बोल्टने बसवायचे, मग बंदूक घरात यायची. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हाच आहे, त्यामुळे ही अट कायद्यालाही धरून होती. कपाटाचा खर्च घरखात्यात गेला, तीन हजारांत धरला नाही.

मैल की सहाशे यार्ड

त्यांच्या मनात .३०० विंचेस्टर मॅग्नम होते. १९६३ पासून चालत आलेले हे दमदार काडतूस मैलापर्यंत गोळी नेते, हे खरे. परंतु मी त्यांना विचारले, की तुम्ही दर महिन्याला प्रत्यक्षात कुठे झोपून बार काढणार आहात? ज्या चांदमारीची वार्षिक वर्गणी त्यांनी उत्साहाच्या भरात आधीच भरून टाकली होती, तिथला सर्वांत लांबचा पल्ला ६०० यार्डांचा होता. हजार यार्डांसाठी तीन तास गाडी चालवावी लागणार होती, म्हणजे वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. मैलाची जागा तर ओळखीत कोणाकडेच नव्हती.

एवढ्यावर निम्मे प्रकरण मिटले. हलक्या-मध्यम वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या सुमारे दुप्पट बसतो, त्याची मॅच दर्जाची, म्हणजे स्पर्धेसाठीची, काडतुसे बरीच महाग पडतात आणि नळीही लवकर झिजते. वीस वर्षांनी नेमबाजीकडे परतणाऱ्या माणसाच्या खांद्याला असा धक्का सारखा बसत राहिला, की बार होण्याच्या क्षणी डोळे मिटण्याची सवय लागते, आणि ती सवय सोडवण्यात एक वर्ष जाते. मी ती स्वतः सोडवली आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो.

मग उरली तीन काडतुसे. .३०८ विंचेस्टर हे १९५२ पासूनचे, सर्वत्र मिळणारे, आणि ज्याची नळी पाच हजार बारांपर्यंत सहज टिकते असे. त्यांच्या एका सहकाऱ्याने जुनी .३०८ रायफल अर्ध्या किमतीत देऊही केली होती. मात्र तिच्यातून किती बार निघाले आहेत हे त्यालाच सांगता येईना, आणि नळीच्या तोंडाकडून टॉर्च मारून आतल्या आट्यांची झीज कळत नाही, कारण ती झीज काडतुसाच्या खोबणीच्या लगेच पुढे सुरू होते. दुसरे ६.५ क्रीडमूर, हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठीच आखलेले. १४० ग्रेन वजनाची मॅच गोळी ६०० यार्डांवर, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात, सुमारे दोन फूट ढकलली जाते; .३०८ ची १६८ ग्रेनची चांगली गोळी अडीच फुटांहूनही थोडी अधिक. १,००० यार्डांवर हा फरक आणखी रुंदावतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत .३०८ चा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरलेला असतो, तर ६.५ ला अजून दोन-तीनशे यार्ड हातात असतात. नळी मात्र साधारण दोन ते तीन हजार बारांनंतर बदलावी लागते. वर्षाला पाचशे बार काढणाऱ्याने ही काळजी सध्या तरी करू नये.

तिसरे .२२३ रेमिंग्टन, आणि माझी शिफारस खरे तर त्याचीच होती. धक्का जवळजवळ नाही, मॅच काडतूस सुमारे दोन-तृतीयांश भावात, आणि वारा इतका निर्दयपणे शिकवते, की त्यावर सहाशे यार्ड गाठणारा पुढे कुठेही अडत नाही. त्यांनी ते मानले नाही. हजार यार्डांच्या त्या दोन सहलींचा मोह त्यांना सोडवेना, आणि पहिल्या रायफलीला मनापासूनची आवड लागते हे मलाही नाकारता आले नाही. ६.५ क्रीडमूर ठरले. हीच रायफल हरणाच्या शिकारीलाही चालेल का, असा प्रश्न मध्येच निघाला होता, तो मी तिथेच थांबवला. दुर्बिणीसह अकरा-बारा पौंडांची रायफल दिवसभर खांद्यावर वाहून नेणारा माणूस दुसऱ्यांदा शिकारीला जात नाही.

पैशांची वाटणी

नवखा माणूस बहुधा तीन हजारांतले दोन हजार रायफलीत घालतो आणि उरलेल्यात दुर्बीण, काडतुसे वगैरे बसवू पाहतो. आम्ही हिशेब उलट्या टोकाने मांडला. वर्षभरात महिन्याला पंचवीस-तीस बार तरी निघाले पाहिजेत, म्हणजे सव्वातीनशे काडतुसे. २० चा डबा ३७ डॉलरला, म्हणजे १६ डबे ५९२ डॉलर. हे पैसे आधी बाजूला काढले. त्यानंतर दुर्बीण ६८०, ती रायफलीवर बसवायच्या रिंगा आणि खालची पट्टी १५०, बायपॉड म्हणजे नळीखालचा दोन पायांचा टेकू १२०, दस्त्याखाली ठेवायची वाळूची पिशवी ४०, कानांचे संरक्षण ६०, नळी साफ करण्याची सळई आणि साहित्य ६०. रायफलीसाठी १,०५० उरले. सगळ्यावर सव्वाआठ टक्के विक्रीकर धरून बेरीज २,९७९ डॉलर झाली.

या यादीत मुळात आणखी एक ओळ होती : स्क्रू ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, ५० डॉलर. "दुर्बीण दुकानदारच बसवून देणार आहे, मग हे कशाला?" असे म्हणून त्यांनी ती ओळ खोडली आणि त्या पैशांत काडतुसांचा एक डबा वाढवला. मी विरोध केला, पण पुरेसा केला नाही.

१,०५० डॉलरच्या आसपास तेव्हा बाजारात चांगल्या रायफली होत्या, आणि खरे सांगायचे तर त्यांतली कोणतीही घेतली असती तरी हे प्रकरण फारसे वेगळे झाले नसते. शेवटी दोन उरल्या : फिनलंडमध्ये साकोच्या कारखान्यात बनणारी टिक्का टी३एक्स सीटीआर आणि स्पेनमधल्या बास्क प्रांतातली बर्गारा बी-१४ एचएमआर. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. दुकानात दोन्ही हाताळल्यावर त्यांचा कल तिच्याकडेच होता. मात्र तिच्या मॅगझिन म्हणजे काडतुसांच्या पेट्या तिच्याच घडणीच्या आणि महाग. बर्गाराला सर्वत्र चालणारी एआयसीएस घडणीची पेटी बसते, जी ३५-४० डॉलरला मिळते. शिवाय बर्गाराचा साचा रेमिंग्टन ७०० या प्रसिद्ध रायफलीच्या मापाचा असल्याने पुढेमागे दस्ता किंवा ट्रिगर बदलायचा झाल्यास बाजार मोठा आहे.

निर्णय मात्र या कारणांनी झाला नाही. हे गृहस्थ उंचीने पाच फूट चार इंच. दुकानदाराच्या गालिच्यावर ते पालथे झोपले, डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळे उघडले. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसते की कडेला काळी चंद्रकोर येते, हे मी त्यांना सांगायला लावले. बर्गाराच्या दस्त्याची लांबी मधल्या चकत्या काढून कमी करता येते आणि गालाची पट्टी वरखाली होते. चकत्या काढल्यावर तिसऱ्या प्रयत्नात त्यांना मानेला ताण न देता पूर्ण गोल मिळाला. ती नऊ पौंडांहून जड असणे हाही इथे गुणच ठरला, कारण बार झाल्यावर जड रायफल लक्ष्यावरून फारशी उडत नाही आणि आपली गोळी कुठे लागली हे नेमबाजाला स्वतःला दिसते.

खरेदी दसऱ्याला व्हावी, खंडेनवमीच्या पूजेत रायफल असावी, अशी त्यांची इच्छा होती. १० ऑक्टोबरला बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला. एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीचे उत्तर बहुतेकांना काही मिनिटांत मिळते, त्यांना मात्र "विलंब" असे आले. शनिवार-रविवार आणि त्यापाठोपाठची सरकारी सुट्टी मध्ये आल्याने रायफल पुढच्या आठवड्यात हाती पडली. पूजेत टॉर्च आणि लॅपटॉप होता, एवढे वहिनींनी मला मुद्दाम सांगितले.

ओळंबा

दुर्बिणीच्या बाबतीत मी हट्टी होतो. आतल्या रेषा आणि नेम वरखाली सरकवणारी बाहेरची चकती एकाच मापाची, म्हणजे दोन्ही मिलमध्ये असली पाहिजे, आणि रेषा पहिल्या फोकल प्लेनमध्ये असल्या पाहिजेत, म्हणजे चित्र लहानमोठे केले तरी रेषांचे माप तेच राहते. एक मिल म्हणजे पल्ल्याचा हजारावा भाग. १०० यार्ड म्हणजे ३,६०० इंच, म्हणून तिथे एक मिल ३.६ इंच. एवढे एकदा डोक्यात बसले की निम्मे गणित तोंडी होते. ५ ते २५ पट मोठे दाखवणारी, ३४ मिलिमीटर नळीची, शून्यावर अडणारी चकती असलेली दुर्बीण घेतली. काचेचा दर्जा मध्यम होता. टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी हवा अशी काही उकळते, की हजारांची काचही तेच थरथरते पाणी दाखवते.

चकती सांगते तेवढीच सरकते का, ही परीक्षा प्रत्येक नव्या दुर्बिणीची घ्यावी लागते. त्यासाठी उंच कागदावर अचूक उभी रेषा लागते. या गृहस्थांनी, गवंड्याचा मुलगा शोभतील असे, मांज्याला जड नट बांधून ओळंबा केला, तो लाकडी चौकटीवर सोडला आणि त्याच्या बरोबरीने पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांचे वडील खरोखर गवंडी होते. १०० यार्डांवर तळाशी पाच बार, मग चकती १० मिल वर फिरवून त्याच तळाच्या खुणेवर नेम धरून आणखी पाच. दोन्ही ग्रुपच्या मध्यांत ३६ इंचांचे अंतर हवे होते, टेपने ३५.६ भरले. म्हणजे शंभरात एक कमी. ६०० यार्डांवर हा फरक इंचभराचा, दुर्लक्ष करण्याजोगा. वरचा ग्रुप ओळंब्याच्या रेघेवरच होता, त्यामुळे दुर्बीण तिरकी बसलेली नाही हेही कळले.

तीन बारांचा ग्रुप आणि सैल स्क्रू

पहिल्याच दिवशी त्यांनी तीन बारांचा ०.६ इंचाचा ग्रुप काढून त्याचे छायाचित्र मला पाठवले. मी दहा बार काढायला सांगितले. १.२ इंच आला. त्यांना तो रायफलीचा दोष वाटला, पण तीन बार नेहमीच खुशामत करतात, आणि कारखान्याच्या काडतुसांवर दहा बारांचा सव्वा इंच म्हणजे या किमतीत उत्तम काम. हा आकडा त्यांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

डिसेंबरात ग्रुप अचानक तीन इंचांवर गेला. आधी काडतुसांवर संशय घेतला, वेगळ्या कंपनीचा डबा आणला. मग नळीत गोळ्यांच्या तांब्याचा थर साचला असेल म्हणून ती घासून काढली. मग स्वतःच्या श्वासावर आणि बोटावर. तीन आठवड्यांत साठ काडतुसे या शोधात गेली. पहिल्या पानावर १.२ लिहिलेले नसते, तर "रायफलच अशी आहे" म्हणून ते गप्प बसले असते. शेवटी मी गेलो आणि रायफल टेबलावर ठेवून एका हाताने नळी, दुसऱ्याने दुर्बीण धरली आणि हलकेच पिरगळली. अगदी किंचित, केसाइतके काही तरी हलले. रिंगा घट्ट होत्या. त्या काढल्यावर खालची पट्टी उघडी पडली, आणि पुढच्या दोन स्क्रूंपैकी एक मी नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढला. त्याच्या आट्यांवर कारखान्यातले तेल जसेच्या तसे होते. दुकानात बसवताना ते पुसले गेले नव्हते आणि स्क्रू बहुधा अंदाजानेच आवळला गेला होता.

तेल पुसून, स्क्रू सैल होऊ न देणारे निळे लॉकटाइट लावून, पट्टीचे आणि रिंगांचे स्क्रू ज्याच्या त्याच्या सूचनापत्रातल्या मापाने आवळले; रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी ते १८ इंच-पाउंड होते. दहा बार : १.३ इंच. वाया गेलेली साठ काडतुसे करासह सुमारे १२० डॉलरची होती, आणि ज्या स्क्रूड्रायव्हरने काम झाले तो माझा होता. त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतःचा मागवला.

सहाशे यार्डांवर

फेब्रुवारीत ते प्रथम ६०० यार्डांवर गेले. गोळीच्या मार्गाचे गणित करणाऱ्या मोफत ॲपने ३.९ मिल चढवायला सांगितले होते, पण गोळ्या पाटीच्या खाली माती उडवत होत्या. डब्यावर छापलेला सेकंदाला २,७१० फुटांचा वेग २४ इंची नळीचा होता आणि यांची नळी २२ इंचांची. त्यामुळे प्रत्यक्षात ४.१ लागले. वेग मोजण्याचे यंत्र विकत घ्यावे का, असा विषय निघाला. घेतले नाही. ॲपमधला वेग इतका कमी केला की त्याचे उत्तर ४.१ आले, आणि या पल्ल्यांपुरते तेवढे पुरले.

त्या दिवशी १२ इंची पोलादी पाटीवर वीसपैकी सात बार लागले. नोंदवहीत त्यांनी चुकलेल्या तेरांची दिशा लिहून ठेवली होती : वर किंवा खाली दोन, डावीकडे किंवा उजवीकडे अकरा. हे पान मी पुढे अनेकांना दाखवले आहे. १.२ इंचांचा ग्रुप ६०० यार्डांवर सुमारे सव्वासात इंचांचा होतो, म्हणजे मध्यापासून साडेतीन-पावणेचार इंच. दुप्पट किमतीच्या रायफलीने तो अर्धा केला असता, तरी प्रत्येक बाजूला दोन इंचांहून कमी मिळाले असते. याउलट वाऱ्याचा अंदाज ताशी ३ मैलांनी चुकला, की गोळी सात इंच बाजूला जाते, आणि पाटीच्या मध्यापासून कडा फक्त सहा इंचांवर आहे. रायफल पाटीवर मावत होती. माणसाचा वारा मावत नव्हता. पन्नास मीटरवर बारीक छिद्रातून नेम धरणाऱ्या ऑलिंपिक नेमबाजालाही वारा छळतो, पण इथे गोळी पाऊण सेकंदाहून अधिक काळ हवेत असते आणि वाटेत नाला, मग उघडे माळरान, मग सीडरच्या झाडांची रांग, अशा तीन निरनिराळ्या हवांतून जाते.

त्यानंतर त्यांनी नवे काही घेतले नाही, काडतुसांचे आणखी दहा डबे सोडून. प्रत्येक बाराआधी वाऱ्याचा अंदाज मोठ्याने बोलायचा, लिहायचा, मगच ट्रिगरला बोट लावायचे, ही शिस्त घातली. गवत किती वाकले, मृगजळ कोणत्या बाजूला वाहते, सीडरची टोके हलतात की नुसती पाने, अशी नोंद करणारा एक रकाना वहीत वाढला. .२२३ घेतली असती तर हे सारे कमी पैशांत, अधिक बारांत झाले असते, असे मला अजूनही वाटते, आणि त्यांना मी ते सांगितलेही. त्यावर त्यांनी हजार यार्डांच्या पहिल्या सहलीचा फोटो पुढे केला, म्हणून तो वाद तिथेच राहिला.

ऑगस्ट २०२५ मधल्या पानावर असे आहे : "सकाळी ७.४०. वारा डावीकडून, अंदाज ६, सीडरजवळ कमी. ४.१ वर, ०.६ डावीकडे धरले. २० पैकी १५. चुकलेल्या पाचांत चार उजवीकडे, नाल्यातला वारा पुन्हा कमी धरला." त्या सकाळी मी त्यांच्या शेजारी टेलिस्कोप लावून बसलो होतो. बार झाल्यावर पोलादाचा आवाज परत यायला तिथे सुमारे अडीच सेकंद लागतात, आणि सोळाव्या बाराला तो आवाज येण्याच्या आतच ते बोट काढून वहीत काही तरी लिहू लागले होते.